किसनराव गैरहाजिर

किसनराव कानात कुजबुजायला लागले की कचेरीच्या छपरावरची कबुतरं उडायची. त्यांना मात्र वाटायचं, आपण अगदी हळू, शेजारच्यापुरतं बोलतोय. तोंडावर आडवा हात धरून, डोळे बारीक करून ते काहीतरी गुपित सांगायला लागायचे आणि ते गुपित रस्त्यापलीकडच्या हलवायाला कळायचं. नवा माणूस हमखास दचकायचा. मीही पहिल्यांदा दचकलो होतो. मला वाटलं, हा गृहस्थ माझ्याशी भांडायला आलाय. ते फक्त शाई उसनी मागत होते.

मी त्या कचेरीसमोर लिंबाखाली बसणारा अर्जनवीस. निजामाच्या राज्यात सरकारला उर्दूशिवाय काही वाचता येत नव्हतं आणि आमच्या शेतकऱ्याला उर्दू लिहिता येत नव्हतं. त्या दोघांच्या मध्ये चटई टाकून मी पोट भरत होतो. कचेरी कुठली ते सांगत नाही. शहागडहून जालन्याकडे येताना लागायची, एवढं पुरे. नाव सांगितलं तर लोकांना वाटेल तेवढीच वाईट होती, आणि बाकीच्या कचेऱ्यांना उगाच चांगुलपणा मिळेल.

किसनराव शहागडचे. नवव्या वर्षी त्यांना मुदतीचा ताप आला आणि उतरला तो कान घेऊनच उतरला. त्याआधी ते गावच्या शाळेत जात होते, म्हणून बोलता येत होतं. पुढे चुलत्याने जिद्दीने घरी शिकवून त्यांना मिडलच्या परीक्षेला बसवलं आणि ते पास झाले. बोलणं मात्र नवव्या वर्षी होतं तिथंच राहिलं. मिशा आलेल्या माणसाच्या तोंडून शहागडच्या पोराची बोली, आणि तीही गोदावरीच्या पलीकडच्या काठाला हाक मारल्यासारखी. लोक हसायचे. ते ऐकू येत नसलं तरी दिसायचं, आणि किसनराव ते कधी विसरायचे नाहीत. सूड घ्यायला त्यांना वेळ लागायचा, पण घ्यायचे.

समोरच्याचे ओठ बघून त्यांना जवळजवळ सगळं कळायचं. अट एकच. नव्या माणसाला ते पहिल्या भेटीत ती ऐकवायचे.

"मी बहिरा हाये, तुमी मुके न्हाईत. तोंड दाखवून बोला!"

आता कचेरीत तोंड दाखवून बोलणारा माणूस कुठून आणायचा? कुणाच्या गालात पान, कुणाची नजर कागदात, कुणी बोलताना भिंतीकडे बघणार. किसनराव सरळ हनुवटी धरून माणसाचं तोंड आपल्याकडे वळवायचे. एकदा त्यांनी गिरदावराची हनुवटी धरली होती. गिरदावर म्हणजे तलाठ्यांवरचा अंमलदार, त्याची हनुवटी त्याच्या बायकोनेही धरली नसेल. मोठा गहजब झाला. किसनरावांचं म्हणणं एवढंच, "मंग भितीशी कशाला बोलून राह्यला? भितीला नौकरी लागली का हितं?"

माणूस गरीब बिचारा मुळीच नव्हता. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण बहिरा म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे कुणीतरी हात जोडून उभा राहतो. किसनराव तापट होते, अहंकारी होते, आणि सोंगट्यांच्या डावात बेधडक लबाडी करायचे. पकडलं की म्हणायचे, ऐकू आलं न्हाई. जालन्याच्या शिंप्याकडून त्यांनी एक काळी शेरवानी शिवून घेतली होती. मे महिन्यात, कुत्री जिभा काढून पडलेली असताना, हा माणूस गळ्यापर्यंत सगळ्या गुंड्या लावून कचेरीत यायचा. मी म्हणालो, अहो, पगारी अंमलदारसुद्धा दोन गुंड्या सोडून बसतात. ते म्हणाले, "त्यायची नौकरी पक्की हाये. त्यायनी नागडं बसलं तरी चालतंय."

पक्की नोकरी. सगळं इथंच अडलं होतं.

त्या काळी उमेदवारी नावाचा एक प्रकार होता. सरकारी नोकरी हवी असेल तर कचेरीत येऊन बिनपगारी काम करायचं. नकला करायच्या, टिपणं लिहायची, साहेबाचं पाणी भरायचं राहिलं तर तेही करायचं. मग कधीतरी जागा निघाली की उमेदवारांना बोलावून त्यातल्या एकाला कायम करायचं. किसनरावही असे उमेदवार होते. त्यांच्या मागून आलेली पोरं कायम होऊन, बदलून, बढती घेऊन गेली. किसनराव आपल्या जागी, सतरंजीवर, खिडकीच्या उजेडाला. शहागडला थोडी जमीन होती, तिच्यावर खायचे आणि सरकारला फुकट राबायचे.

दुसऱ्या कुणी नाद सोडला असता. किसनरावांना सोडता येत नव्हता, कारण त्यांची बायको त्या नोकरीत अडकली होती.

लग्न झालं ते तापाच्या आधीच्या उन्हाळ्यात. नवरा आठ वर्षांचा, नवरी त्याहून लहान. घनसावंगीच्या बड्या घरची मुलगी, नाव रुखमा. पुढल्या वर्षी जावयाचे कान गेले आणि सासऱ्याने पाय मागे घेतला. लग्न मोडता येईना, मुलगी पाठववेना. त्याने निरोप धाडला, "सरकारी नौकरी लागू द्या. पक्की झाल्याबराबर पोरगी आनून घालतो." किसनराव मोठे झाल्यावर दोनदा घनसावंगीला जाऊन आले. दोन्ही वेळा त्यांना ओसरीवर बसवून जेवू घातलं आणि माजघराचं दार लावून घेतलं. दुसऱ्या वेळी ताटावरून उठून आले. कायम झाल्याशिवाय घनसावंगीची वाट तुडवणार नाही, असं त्यांनी सासऱ्याला आणि त्या आवाजामुळे सगळ्या गावालाच सांगून टाकलं.

मी म्हणालो, "किसनराव, लग्नाची बायको आहे. दावा लावा, मी आजच लिहून देतो."

ते म्हणाले, "दाव्यानं म्हैस आनतेत. बायकू न्हाई."

सुरुवातीला त्यांना वाटत होतं, नोकरी सहज पक्की होईल. त्यालाही कारण होतं. तेव्हाचे तहसीलदार वयस्कर, सभ्य गृहस्थ होते. त्यांच्या पांढऱ्या दाढीमुळे ओठ दिसायचे नाहीत. म्हणून त्यांनी काय केलं, बाजारातून एक दगडी पाटी आणवली आणि टेबलावर ठेवली. किसनरावांना काही सांगायचं असलं की पाटीवर खडूने लिहायचे. किसनराव वाचायचे, मान डोलवायचे, काम करायचे. बस्स. एवढीच अडचण होती आणि ती एका पाटीने सुटत होती. आज इतक्या वर्षांनी हे आठवलं की माझं डोकं फिरतं. एका पाटीवर सुटणारी गोष्ट, आणि तिच्यापायी या लोकांनी एका माणसाचं आयुष्य नासवलं.

त्या कचेरीत एक पेशकार होता. पेशकार म्हणजे तहसीलदारापुढे कागद ठेवणारा. कुणाचा कागद आज वर यायचा आणि कुणाचा तळाशी कुजायचा, हे त्याच्या हातात. खरा राजा तोच. एकदा एक म्हातारी बाई नातवाच्या नावावर जमीन चढवायला आली होती. पेशकाराने तिच्याकडून एक तलंग कोंबडी घेतली आणि टेबलाखाली टोपलीत झाकून ठेवली. किसनरावांनी ते बघितलं. ते उठून दुसऱ्या उमेदवाराजवळ गेले, तोंडावर हात धरला आणि अगदी हळू कुजबुजले,

"पेशकारानं म्हातारीची कोंबडी घेतली रे! टेबलाखाली हाये बघ!"

कबुतरं उडाली. आतल्या खोलीतून तहसीलदार बाहेर आले. त्यांनी काही विचारण्याआधीच टोपलीतल्या कोंबडीने साक्ष दिली. पेशकाराला सगळ्यांसमोर ती म्हातारीच्या हातात परत द्यावी लागली. आम्ही लिंबाखाली पोट धरून हसत होतो. किसनरावांना हे एवढं का गाजलं ते कळेना. ते मला येऊन विचारायला लागले, "म्या तर हळूच बोल्लतो. कुनी सांगितलं सायबाला?"

हसू तिथंच संपलं. पेशकार मला म्हणाला होता, "इस बहरे को मैं देख लूँगा." किसनरावांना मी ते सांगितलं. त्यांनी शेरवानीची वरची गुंडी नीट केली आणि म्हणाले, "बगू दे. मी बी बगूनच जगून राह्यलो."

पुढे म्हातारे तहसीलदार बदलून गेले. पाटी पेशकाराने आपल्या नातवाला खेळायला नेली. त्याच सुमाराला एक अहलकाराची, म्हणजे कारकुनाची, कायम जागा निघाली. उमेदवारांत सगळ्यात जुने किसनराव. कुणालाही विचारलं तरी त्यांचंच नाव सांगितलं असतं.

कचेरीची एक रीत होती, पुकाऱ्याची. कुणाला साहेबांपुढे बोलवायचं असेल तर चपराशी दारात उभा राहून मोठ्याने नाव पुकारणार. तीन पुकारे व्हायचे. तिसऱ्याला 'हाजिर' म्हणून उत्तर आलं नाही तर माणूस गैरहाजिर, मग तो दारातच का बसलेला असेना. फिर्यादी असो, आरोपी असो, उमेदवार असो, रीत तीच. किसनरावांनी त्याची तजवीज करून ठेवली होती. गफूरभाई नावाचा चपराशी त्यांचा सोंगट्यांतला जोडीदार. तो पुकारा करणार आणि खांद्याला हात लावणार, असं ठरलं होतं. त्या दिवशी किसनरावांनी शेरवानीला इस्त्री केली होती, दाढी केली होती, आणि पुढच्या ओसरीवर दाराकडे तोंड करून बसले होते. दारावरून नजर हलवत नव्हते. कुणी पान दिलं तर तेही न बघता घेतलं.

सकाळीच पेशकाराने गफूरभाईला डाक देऊन जालन्याला पिटाळलं. किसनरावांना त्याचा पत्ताच नव्हता. आणि पुकारा केला तो मागच्या ओसरीवरून, एका नव्या चपराशाकडून.

"किशनराव वल्द गनपतराव, साकिन शहागड, हाजिर है?"

मागच्या बाजूचा तो आवाज मला लिंबाखाली ऐकू आला. लेखणी टाकून मी धावलो. दुसरा पुकारा झाला तेव्हा मी रस्ता ओलांडत होतो. तिसरा झाला तेव्हा मी ओसरीच्या पायऱ्यांवर होतो आणि पेशकाराचा माणूस मला आडवा हात घालून म्हणत होता, अर्जनविसाला आत मनाई आहे. किसनराव हाताच्या अंतरावर, दाराकडे बघत बसलेले. मी त्यांच्या शेरवानीला हिसका दिला. त्यांनी वळून माझ्या तोंडाकडे बघितलं, मी म्हणालो, मागून पुकारा झाला, आणि क्षणात त्यांना सगळं कळलं.

ते आत घुसले. पुढचं सगळ्या गावाने ऐकलं.

"मी हितंच बसलोय! सकाळपून हितंच बसलोय! डोळे हायेत का न्हाईत तुमाला?"

नवे तहसीलदार तरुण होते, हैदराबादेहून आलेले. त्यांनी पेशकाराकडे बघितलं. पेशकार अदबीने म्हणाला, "हुजूर, तीन बार पुकारा गया. गैरहाजिर लिख दिया." साहेब किसनरावांकडे न बघता, पेशकारालाच म्हणाले, "जो अपना नाम नहीं सुनता, वो सरकार का हुक्म क्या सुनेगा?"

सगळी कचेरी हसली. जागा पेशकाराच्या भाच्याला मिळाली. त्याला दोन्ही कान होते, आणि त्या दोन कानांच्या मधे काय होतं ते त्याने पुढे सगळ्या तालुक्याला दाखवून दिलं.

मी अपील लिहिलं. आजवर कुणासाठी इतकं जीव ओतून लिहिलं नसेल. वरून उत्तर आलं, अर्जदारास रीतसर पुकारण्यात आले होते. म्हणजे ज्या गोष्टीची तक्रार, तेच तिचं उत्तर.

मला सगळ्यात संताप कशाचा आला सांगू? गैरहाजिर ठरल्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी त्याच पेशकाराने त्याच गैरहाजिर माणसापुढे नकलांचा गठ्ठा आणून टाकला. आणि किसनरावांनी तो ओढून घेतला. मी त्यांच्यावर चिडलो. म्हणालो, थुंका त्या गठ्ठ्यावर आणि शहागडला जा. ते म्हणाले, "गेलो तर म्हनतेल, बहिऱ्याला झेपलं न्हाई. मंग घनसावंगीवाल्यायला तेच पायजे." शाईची दौत उघडून त्यांनी लिहायला सुरुवात केली. त्या दिवसापासून पेशकाराशी मात्र ते कधी बोलले नाहीत. तो बोलायला लागला की डोळे मिटून घ्यायचे. डोळे मिटले की पेशकार काय नि त्याचं सरकार काय, काहीच उरायचं नाही.

अशी वर्षं गेली. सासरा वारला. घर रुखमाच्या भावाच्या, रामरावाच्या हातात आलं, आणि त्यानेही बापाचाच शब्द पुढे चालवला. मग अठ्ठेचाळीस साल आलं. निजामाचं राज्य गेलं. पेशकार एका रात्रीत सामान बांधून निघून गेला. कचेरीवर तिरंगा चढला तेव्हा किसनराव इतक्या मोठ्याने ओरडले की सलामीला उभे असलेले शिपाई हलले.

नवे साहेब मुंबई इलाख्यातून आले. मराठी बोलणारे, स्वच्छ पांढरे कपडे, सगळ्यांना अहो-जाहो करणारे. किसनरावांनी मोडी आणि बाळबोध दोन्ही चांगलं घोटून ठेवलं होतं, त्यामुळे उर्दू गेल्याचं त्यांना काही वाटलं नाही. साहेबांनी त्यांचं काम बघितलं आणि समोर वळून, तोंड दाखवून म्हणाले, "जुन्या राजवटीत तुमच्यावर अन्याय झाला. आता तुमचं काम झालंच समजा. डॉक्टरी दाखला तेवढा आणा, तो एक उपचार आहे."

झालंच समजा! हा माणूस झालंच समजून बसला. त्याच संध्याकाळी घनसावंगीला निरोप गेला, की मी कायम होतोय, अमक्या दिवशी हुकूम मिळतोय, दमणी, म्हणजे पडद्याची बैलगाडी, घेऊन या. उलट निरोप काही आला नाही.

डॉक्टरने काय केलं, किसनरावांना भिंतीकडे तोंड करून उभं केलं, आणि मागून हाक मारली. दाखल्यावर लिहिलं, नोकरीस अपात्र. डोळे उत्तम, हात उत्तम, प्रकृती उत्तम, अपात्र. तो दाखला परस्पर साहेबांकडे गेला.

हुकमाच्या दिवशी दुपारी घनसावंगीची दमणी लिंबाखाली येऊन उभी राहिली. रामराव उतरून कचेरीच्या ओसरीवर गेला. थोड्या वेळाने पडदा सरला आणि एक बाई खाली उतरली. हिरवं लुगडं, कपाळावर मोठं कुंकू, केसांत पांढरी बट. तिने तिथूनच ओसरीच्या जाळीतून आत बघितलं आणि मला हळूच विचारलं, "काळ्या शेरवानीतले, ते का हो?"

मी म्हणालो, "हो. तेच."

ती बघत राहिली. मी मान खाली घालून कागद चाळायला लागलो, कारण त्या बघण्यात माझं काही काम नव्हतं.

आत साहेब हळू आवाजात, गोड शब्दांत समजावत होते. त्यांचं काहीच ऐकू येत नव्हतं. किसनरावांचं सगळं ऐकू येत होतं.

"कान न्हाईत ते काय आजच कळलं का?"

मग पुन्हा साहेबांचं समजावणं.

"म्हंजी? काम करायचं? पैल्यासारखंच?"

नंतर गफूरभाईने मला सांगितलं, साहेब म्हणाले होते, नियमापुढे माझा इलाज नाही, पण तुमचं काम फार चांगलं आहे, तुम्ही जसं करत होता तसं येत जा, आम्हाला मदत होईल.

फुकट काम करायला कान लागत नव्हते. पगार घ्यायला लागत होते. निजामाच्या राज्यातही हेच होतं आणि आपल्या राज्यातही हेच झालं. फरक एवढाच, की पहिल्यांदा हसून सांगितलं आणि दुसऱ्यांदा हात जोडून. मला विचाराल तर पहिलं बरं होतं. निदान शिवी देता येत होती.

रामराव ओसरीवरून खाली आला. त्याने सगळं ऐकलं होतं. बहिणीला म्हणाला, "बस आत."

"जरा थांबा की दादा. त्यायला येऊ द्या भाईर."

"काय करायला? जमलं न्हाई त्यायचं. चल, बस."

मी उठलो. म्हणालो, "रामराव, इतकी वर्षं थांबलात, घटकाभर थांबा. माणूस आत्ता बाहेर येईल." त्याने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. बहिणीचा दंड धरून तिला दमणीत चढवलं, पडदा ओढला, आणि बैल घनसावंगीच्या वाटेला वळवले.

दमणी मारुतीच्या देवळापर्यंत गेली असेल, तेवढ्यात किसनराव बाहेर आले. तोंड लाल झालं होतं. सरळ माझ्याकडे आले आणि धुळीकडे हात करून म्हणाले, "कोन बाई व्हती ती? जाळीतून मलाच बगून राह्यल्ती. अर्ज लिहायचा व्हता का तिचा?"

मी त्यांच्यासमोर उभा राहिलो. शब्द नीट सुटा करून सांगितलं, "किसनराव, ती रुखमाबाई होती. तुमची बायको."

एकदा सांगितलेलं त्यांना पुन्हा सांगावं लागत नसे. त्या दिवशी त्यांनी मला पुन्हा सांगायला लावलं. मी पुन्हा सांगितलं.

आणि ते पळत सुटले. इतक्या वर्षांत मी त्यांना कधी पळताना बघितलं नव्हतं. शेरवानी पायांत येत होती, टोपी पडली, ती त्यांनी उचलली नाही. पळता पळता हाका मारत होते, "थांबा! ओ रामराव! थांबा!" हलवाई दुकानातून बाहेर आला. कचेरीतले कारकून जाळीशी गोळा झाले. साहेबही खुर्चीवरून उठून दारात आले. देवळापुढे दमणीचा पडदा सरला आणि एक हात बाहेर आलेला मला दिसला. रामराव पुढे बसला होता. त्याचे कान शाबूत होते. त्याने मागे न बघता बैलांच्या शेपट्या पिरगाळल्या.

वळणापलीकडे दमणी आणि किसनराव दोन्ही दिसेनाशी झाली. किसनराव पुन्हा कचेरीत आले नाहीत, आणि मला ते पुन्हा कधी दिसले नाहीत. त्या दिवशी दिसेनासे झाल्यावरही त्यांचा आवाज मात्र बराच वेळ येत होता. अख्ख्या गावाला तो ऐकू गेला. कुणी जागचं हललं नाही, आणि दमणी थांबली नाही.